वरच्या गणिताच्या दारावरचे नियम

माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. मी स्वतःही विसंबत नाही. पहिल्या दिवशी वर्गात तेरा मुलं होती की चौदा, हे इतक्या वर्षांत मला नक्की ठरवता आलेलं नाही. नवे पैसे सुरू होऊन एक वर्ष झालं होतं की दोन, तेही सांगता येत नाही. एवढंच आठवतं की पोरं बाजारात आणे मोजायची, वहीत नवे पैसे मोजायची आणि दोन्हीकडे चुकायची.

किस्से कसे साठतात म्हणाल, तर खाडीच्या तोंडाशी गाळ साठतो तसे. कोणी मुद्दाम आणून टाकत नाही. पण एक दिवस होडी अडकते आणि मग कळतं की खाली बरंच काही साचलंय. जुने विद्यार्थी भेटतात, चहा होतो, कोणीतरी म्हणतं, "सर, ते नियम आठवतात?" सगळे हसतात. मीही हसतो. घरी आल्यावर मात्र झोप लागत नाही.

आपण तेरा धरून चालू.

*

तेव्हा आमचा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात होता. अकरावीला दोन प्रकारचं गणित असे, साधं आणि वरचं. साधं घेतलं की मूल पास व्हायचं, पण सायन्स कॉलेजचं दार त्याला बंद. इंजिनिअर, डॉक्टर, जे काय व्हायचं ते वरच्या गणितातूनच. मालवणजवळच्या आमच्या शाळेत ते शिकवायला कोणी नव्हतं, म्हणून मला आणलं. एम.एस्सी., पहिला वर्ग! गावात माझ्या पदवीचा उच्चार लोक एखाद्या आजाराचं नाव घ्यावं तसा करत.

पहिल्याच आठवड्यात मी नऊ नियम लिहिले. जाड पुठ्ठा, काळी शाई, सुवाच्य अक्षर. पुठ्ठा वर्गाच्या दारावर ठोकला. महिन्यात तीनदा उशीर झाल्यास नाव कमी. रीत न लिहिल्यास उत्तराला गुण नाहीत. टेस्टच्या पेपरावर वडिलांची सही आठ दिवसांत. असे नऊ. आमच्या कॉलेजातले प्राध्यापक असेच वागत आणि आम्ही त्यांना देव मानत असू. निदान मी तरी मानत होतो. बाकीच्यांना कधी विचारलं नाही.

हेडमास्तर चष्मा कपाळावर चढवून पुठ्ठा वाचत उभे राहिले. वाचून झाल्यावर म्हणाले, "सर, हे वर्गाचे की तुरुंगाचे?"

"शिस्तीशिवाय गणित नाही, सर."

"असेल. पण मुलांशिवाय वर्गही नाही. संस्थेने मला स्पष्ट सांगितलंय. रजिस्टरवर आठ मुलं असतील तोवर वरचं गणित. आठाच्या खाली गेलात की दुसऱ्या दिवसापासून वर्ग बंद आणि सगळे साध्या गणितात. आठ म्हणजे आठ. साडेसात नाही!"

मी म्हटलं, "तेरा आहेत, सर. काळजी नको."

मधल्या सुट्टीत दोघांनी नावं काढून घेतली. आणि पुठ्ठ्याच्या तळाशी कोणीतरी पेन्सिलीने दहावा नियम लिहून ठेवला: 'श्वास घेण्यापूर्वी सरांची परवानगी घ्यावी.' मी तो खोडला. खोडल्यावर तो जास्त ठळक दिसू लागला.

अकरा.

*

वासू नावाचा एक मुलगा होता. गोरा, गुबगुबीत, नम्र. त्याचं पाठांतर असं की पुढच्या बाकावरच्या पोरांना घाम फुटे. प्रमेय सांग म्हटलं की डोळे मिटून सुरू. "पक्ष, साध्य, रचना, सिद्धता" आणि मग धडाधड शेवटपर्यंत. एकदा तर तो सिद्धतेच्या मध्येच म्हणाला, "आकृती पुढील पानावर पाहा," आणि न थांबता पुढे गेला!

नियम होता, सिद्धता समजून लिहावी, पाठ करू नये. मी फळ्यावर तोच त्रिकोण काढला. फक्त 'अ ब क'च्या जागी 'प फ म' घातलं आणि त्रिकोण जरा कलता केला.

वासू बराच वेळ बघत राहिला. मग अगदी काकुळतीने म्हणाला, "सर, ह्यो त्रिकोण माका पाठ नाय."

वर्ग हसून लोळला. मी हसलो नाही. मला ते भयंकर वाटलं. मी त्याला महिनाभर कलते त्रिकोण सोडवायला लावले. महिन्याच्या शेवटी तो साध्या गणितात गेला. तिथे त्रिकोण सरळ असतात असं कोणीतरी त्याला सांगितलं होतं.

दहा.

*

वडिलांच्या सहीचा नियम तर मी कुठल्या गावात बसून लिहिला होता, देव जाणे. अर्ध्या मुलांचे वडील मुंबईत गिरणीत नाहीतर गोदीत. गजाननचे वडील तर बोटीवर, इंजिनात तेल घालायच्या कामाला.

"सही कुठाय?"

"बापूस एडनाक आसा, सर."

"पोस्ट आहे ना? पाठव."

पोराने खरंच पेपर पाठवला! आठ दिवस झाले, पंधरा झाले. नियम म्हणजे नियम, मी नाव कमी केलं. तीन महिन्यांनी तो पेपर परत आला, चार बंदरांचे शिक्के घेऊन. सही होती. सहीखाली वडिलांनी लिहिलं होतं: "मास्तरांस सा. न. मुलाला शंभरात अकरा मिळाले हे बघितले. मी समुद्रावरून सही करू शकतो, मारू शकत नाही. तेवढे आपण करावे."

तो मला पेपर आणून दाखवत होता तेव्हा त्याच्या दुसऱ्या हातात साध्या गणिताचं पुस्तक होतं.

नऊ.

*

आता वर्गात नऊच उरलेत ही बातमी गावात फिरली होती. संस्थेने घातलेली आठाची अट तर चहाच्या हॉटेलातही माहीत झालेली. सहामाहीच्या आदल्या दिवशी मी शिकवत असताना दारात एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. डोक्याला टोपी, हातात नारळ. वर्गातल्या बाबूचे आजोबा. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याकडे होता. म्हणजे सगळ्या गावाच्या वतीने देवाला सांगायचं ते त्यांनी सांगायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची.

"मास्तरानू, दोन मिन्टां देवा," ते म्हणाले आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता फळ्यासमोर नारळ ठेवून हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

नऊच्या नऊ पोरं उभी राहिली. "व्हय म्हाराजा!"

"आज हो तुझो बाळ उच्च गणिताक बसलो हा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या वाटेत जो कोण 'क्ष' म्हणान आडवो पडलो हा, तो खंयचो आसा, कोणाचो आसा, ता तुकाच ठावक. तेका बाजूक कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मास्तरांच्या जिबेर वायच गूळ ठेव रे म्हाराजा!"

याला तर छपराची कौलं हलली. "व्हय म्हाराजा!!"

"आणि ह्यो वर्ग आठाच्या खाली जावंक देव नको रे म्हाराजा!"

मी देव मानत नाही. तेव्हाही मानत नव्हतो. पण त्या शेवटच्या "व्हय म्हाराजा"त माझाही आवाज होता. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबूने पहिले दोन प्रश्न सोडवले आणि खाली लिहिलं, 'बाकीचे देवाला सांगितले आहे.' लागोपाठ दुसऱ्यांदा नापास. नियम आठवा, नाव कमी.

आठ.

*

हेडमास्तरांनी मला बोलावून बसवलं. हे ते सहसा करत नसत. म्हणाले, "सर, आता एकही कमी करू नका. हात जोडतो. जरा सैल सोडा."

"गणितात सूट नसते, सर."

"गणितात नसेल हो! गावात असते."

त्यांचं म्हणणं मला पटलं होतं. पण एकदा नियम वाकवला की आधीच्या पाच जणांना काय सांगायचं, हा हिशोब माझ्या डोक्यात सुटेना. त्या पाचांवर अन्याय होऊ नये म्हणून उरलेल्या आठांवर करायचा, असं काहीतरी माझं तर्कशास्त्र होतं. एम.एस्सी., पहिला वर्ग!

*

त्या आठांत एकच मुलगी. सत्यभामा. सगळे तिला भामी म्हणत. खाडीच्या आतल्या अंगाला, दीडेक कोसावर तिचं गाव. तिथून तरीने ती शाळेत येई; तर म्हणजे खाडी उतरवणारी होडी. शेवटच्या बाकावर बसे आणि तिचा आवाज मी पहिले चार महिने ऐकला नव्हता. तिच्या आईला एवढंच माहीत होतं की हे गणित पुरं केलं की आपलं चेडू, म्हणजे पोरगी, कॉलेजात जाऊ शकतं. हेडमास्तरांनीच तिला तसं सांगितलं होतं आणि फी माफ केली होती.

एके दिवशी फळ्यावर माझंच एक उदाहरण अडकलं. डावी बाजू उजवीला मिळेना. पिरियड संपला. दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडलं, पुन्हा अडकलं. घाम पुसून पुसून खडूची पूड कपाळाला लागली. मुलं शहाण्यासारखी गप्प. कारण नियमच होता, आपली चूक आपण शोधावी.

मागून बारीक आवाज आला. "सर, चवथ्या ओळीत वजा ऱ्हवला."

पाहिलं, तर खरंच राहिलं होतं. मी वजा चिन्ह घातलं. सगळं उदाहरण पत्त्यांच्या बंगल्याच्या उलट, भराभर उभं राहिलं.

पोरं माझ्याकडे बघत होती. 'शाबास' हा शब्द माझ्या घशापर्यंत आला होता, शपथेवर सांगतो. पण तोंडातून निघालं ते असं: "बोलण्यापूर्वी हात वर करायचा. नियम सातवा."

तिने हात वर केला. मी "बस" म्हणालो. ती बसलेलीच होती.

*

दिवाळीनंतर भामीला उशीर होऊ लागला. रोज नव्हे. आठवडाभर अगदी वेळेवर, मग लागोपाठ उशीर. महिन्यात दोन उशीर भरले. मी तिला उभं केलं.

"कारण?"

"सर, ओहोटीक मी नि आवस चिखलात असतंव. तिसरे काढूक." आवस म्हणजे आई, तिसरे म्हणजे शिंपल्या. खाडीचं पाणी उतरलं की चिखलात हाताने शोधून काढायच्या आणि बाजारात विकायच्या. "पाणी चढला काय काम सुटता. मगे तर सुटता."

"मग काम लवकर सोड."

"पाणी चढल्याबगर तर खंयसून येतली, सर?"

वर्ग हसला. मला वाटलं, माझ्यावर हसला. मी म्हटलं, "आणखी एक उशीर आणि नाव कमी." हे बोलताना मला आठाचा आकडा ठाऊक होता. तिलाही ठाऊक होता. माझी अशी समजूत होती की त्या भीतीने ती वेळेवर येईल. भरती-ओहोटी कोणाला भिते, याचा विचार मी केला नव्हता.

त्या शनिवारी ती टेबलापाशी आली आणि फुलस्केपचा एक कागद पुढे केला. पट्टीने आखलेला. पाच रकाने: तारीख, तिथी, ओहोटी किती वाजता, तर किती वाजता सुटेल, मी शाळेत किती मिनिटं उशिरा पोचेन. वार्षिक परीक्षेपर्यंतचे सगळे उशिराचे दिवस त्यात लिहिलेले. चौसष्ट.

"हे काय?"

"सर, ह्यो माझो उशीर. आदीच सांगान ठेवलंय. ह्या दिवसांचो धडो मी आदल्या दिवशी करून हाडीन. तुमी आदल्या दिवशी इचारा. चुकलंय तर नाव काढा. पण ह्यो उशीर नियमात बसवून घेवा."

आता ऐका. माझ्या आजोबांना येत होतं, किनाऱ्यावर कोणालाही येतं: तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ मिळते. म्हणजे पाणी रोज पाऊण तास, पंचेचाळीस मिनिटांनी पुढे सरकतं. साधी त्रैराशिकाची गोष्ट. मी तिचा कागद त्याला लावून पाहिला. बसेना! एका दिवसातून दुसऱ्या दिवशी कुठे चाळीस मिनिटांची वाढ, तर कुठे सत्तर.

"हे कुठून उतरवलंस?"

"उतरवक नाय, सर. काढलंय."

"काढलंस? मग वाढ सारखी का नाही? इथे चाळीस, इथे सत्तर? तिथीची पाऊणपट कर, पंचेचाळीस येते. रोज पंचेचाळीस!"

"नाय, सर. पुनवेक नि अमावाशेक पाणी हळू सरकता. अष्टमीक धाव मारता."

"कशावरून?"

ती जरा गोंधळली. असला प्रश्न तिला कोणी कधी विचारला नसावा. म्हणाली, "पाणी तसाच वागता, सर."

"ही रीत नव्हे," मी म्हणालो. "रीत नाही तर उत्तराला गुण नाहीत. आणि उत्तरही चूक." मी लाल पेन्सिल घेतली आणि सगळ्या वर्गासमोर त्या कागदावर एक तिरकी रेघ मारली. वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत.

तिने कागद परत मागितला नाही.

सोमवारी तिला उशीर झाला. मी घड्याळ पाहिलं. किती मिनिटं झाला ते तिच्या कागदाशी ताडून पाहायचं मला सुचलं नाही. किंवा सुचलं आणि मी पाहिलं नाही. यातलं खरं कुठलं, ते मला आता सांगता येत नाही. रजिस्टर उघडलं आणि तिचं नाव कमी केलं.

हेडमास्तर वर्गात आले. रजिस्टरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. दारावरचा पुठ्ठा स्वतःच्या हाताने उतरवला, भिंतीला टेकवून ठेवला आणि उरलेल्या सात पोरांना म्हणाले, "चला रे बाबांनो. दप्तरं उचला. साध्या गणिताच्या वर्गात चला."

सात पोरं माझ्यासमोरून ओळीने गेली. त्यांतल्या एकालाही पुढे सायन्स मिळालं नाही. भामीचं सांगतो. तिने शाळा सोडली नाही. साध्या गणिताला बसली, पास झाली आणि त्या गावातच राहिली. बाजारात दोनदा दिसली. दोन्ही वेळा मी रस्ता बदलला.

*

रिटायर झाल्यावर पुस्तकं आवरताना तो कागद एका जाड पुस्तकात सापडला. लाल रेघ फिकट झाली होती, आकडे झाले नव्हते.

बंदराच्या कचेरीत जुनी भरती-ओहोटीची कोष्टकं बांधून ठेवलेली असतात असं ऐकलं होतं. गेलो. तिथल्या कारकुनाने धूळ झटकून त्या वर्षाचं पुस्तक काढून दिलं. मी चष्मा पुसला आणि कागद शेजारी ठेवून एकेक तारीख लावत गेलो. छापील कोष्टकातही वाढ सारखी नव्हती. पुनवेच्या आसपास चाळीस, अष्टमीच्या आसपास सत्तर. मात्र तिची प्रत्येक वेळ छापील वेळेपेक्षा वीस-बावीस मिनिटांनी पुढे होती. एकूण एक. मला, काय सांगू, किंचित हायसं वाटलं.

कारकून माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. "खंयच्या गावचा ह्या?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"मगे बरोबरच आसा," तो म्हणाला. "आमचा पुस्तक बंदराचा. थंयसर पाणी पोचूक वीस-बावीस मिन्टां लागतंतच."

मी घरी येऊन पुन्हा एकदा वजाबाक्या केल्या. चौसष्टच्या चौसष्ट.